आधी घालायचं ते

साहेबांनी माझ्या मसुद्यावर पेन्सिलीने दोन बाण काढले, एक वर जाणारा, एक खाली येणारा, आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "क्रम उलटा पडलाय, गणपतराव. तिसरी पायरी सहाव्या जागी गेलीय. टाइप करायला देण्याआधी तेवढं नीट करा." त्यांना ती लिहिण्यातली चूक वाटली. कुणालाही तशीच वाटली असती. मी 'हो सर' म्हणालो, रबराने दोन ओळी खोडल्या आणि रक्तात जड ल्यूसिन मिसळण्याची पायरी वर, गाळण्याच्या आधी, नेऊन बसवली. मग चहा आला. मी तो प्यायलो. बशीत सांडलेलाही प्यायलो, नेहमीसारखा. पुढे पंधरा दिवस मला जे छळत राहिलं त्यात तो चहाही होता. माणसाला समजतं की आपण दोन वर्षं एक गोष्ट उलटी करत आलो, त्या उलट्या गोष्टीच्या जोरावर आपण घरच्यांना एक हुकूम सोडला, त्यानंतर पाच दिवसांत घरातलं एक मूल गेलं, आणि हे सगळं समजल्यावर तो बशीतला चहा पितो. घसा नेहमीप्रमाणे गिळतो. जिभेला साखर कमी लागते.

आमच्या प्रयोगशाळेतलं काम बाहेरच्याला सांगायला गेलं तर त्याला वाटतं आम्ही बाँब करतो. तसं काही नसतं. परदेशातून बोटभर काचेची कुपी येते, तिच्यात मिठासारखी पांढरी पूड असते. ते ल्यूसिन. आपल्या रक्तात असतं तेच, दुधातून, डाळीतून, माशांतून आलेलं. फरक इतकाच की कुपीतल्या ल्यूसिनमधला नायट्रोजन एका मापाने जड असतो. त्याच्यातून किरणं निघत नाहीत, ते कुणाला भाजत नाही. आम्ल त्याला ओळखत नाही, गाळणकागद ओळखत नाही, शरीरसुद्धा ओळखत नाही. ओळखतं ते फक्त खोली अडवून बसलेलं आमचं यंत्र. रक्तात मूळचं ल्यूसिन किती हे शोधायचं, तर आधी रक्तात ही जड पूड मोजून घालायची. नंतर गाळा, राळेच्या नळीतून काढा, आटवा, स्फटिक करा. वाटेत पुष्कळ सांडतं, चिकटतं, वाया जातं. जाऊ दे. जातं ते दोन्हींतलं सारख्याच प्रमाणात जातं. शेवटी चिमूटभर उरलं तरी यंत्र सांगतं, जड किती आणि साधं किती, आणि त्यावरून रक्तात पहिल्यांदा किती होतं ते काढता येतं. फार सुंदर रीत आहे. एकच अट आहे, पूड आधी घालायला हवी. सगळं सांडून झाल्यावर घातली तर ती फक्त उरलेलं मोजते, आणि आपण उरलेल्याला मूळचं म्हणून सही करतो.

साहेबांनी पहिल्या दिवशी मला हे नीट करून दाखवलं होतं. माझ्या वहीत ते बरोबर लिहिलेलंही सापडलं. चूक डोक्याने केली नाही, हाताने केली, आणि माझा हात आईच्या चुलीपुढे तयार झालेला. आम्हाला बहीण नव्हती, म्हणून आईच्या मदतीला थोरला मीच नारळ खवायला बसायचो. पहिल्या पिळण्याचा घट्ट रस वाटीत बाजूला ठेवायचा. पातळ रसात मासे शिजू द्यायचे, सगळी धांदल होऊ द्यायची, आणि कढी चुलीवरून उतरताना घट्ट रस वरून सोडायचा. आधी घातलास तर फुटेल, वाटीभर चांगली वस्तू फुकट जाईल, असं आई दटावायची. पुढे मुंबईत गावकीच्या खोलीत आम्ही चौदाजण राहात होतो, तिथे आठ वर्षं मी सगळ्यांचा स्वैपाक केला आणि कॉलेज केलं. खोलीवाल्यांनी माझ्या हाताची तारीफ केली. तोच हात प्रयोगशाळेत आला. पाच मिलिग्रॅम जड ल्यूसिन पहिल्यांदा एकट्याने चमच्यात घेतलं तेव्हा समोर तांबूस चिखलासारखं रक्त होतं आणि हात म्हणाला, थांब, इतकी मोलाची वस्तू या घाणीत कशाला घालतोस? आधी गाळ, साफ कर, मग घाल. आणि मला वाटलं मी शहाणपणा केला. सांगायला लाज वाटते, पण दोन वर्षं मला मनातल्या मनात अभिमान होता की माझ्या हातून पूड कधी वाया जात नाही.

त्या पंधरा दिवसांत मी सगळे जुने नमुने पुन्हा करून पाहिले, नव्या क्रमाने. साहेबांना वाटलं मी लेखासाठी घाम गाळतोय, त्यांनी पाठ थोपटली. मोठ्या माणसांच्या रक्तात फार फरक पडला नाही. रक्त भरपूर असलं की सांडणारं त्यामानाने थोडं. पण रक्त चमचाभर असलं की राळेची नळी त्यातलं बहुतेक गिळून बसते, दहातले सात भाग, कधी नऊ. कधी सात आणि कधी नऊ हे आधी सांगता येत नाही. म्हणजे आमच्या घरच्या त्या गेलेल्या बाळाच्या रक्तात मी लिहिलेल्या आकड्याच्या तिप्पट असेल, दहापट असेल. चमचाभरच रक्त होतं. संपलं. आता ते कधीच कळणार नाही. रात्री डोळे मिटले की मी तो आकडा तिनाने गुणायचो, मग पाचाने, मग दहाने, आणि तिनाने गुणलेला आकडा खरा असावा असं मनात म्हणायचो. माझ्यापुरता भाव करत होतो मी, मंडईत उभा राहिल्यासारखा.

मथुरा माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. मामाची मुलगी करायची आमच्याकडे रीतच आहे, आणि तिला आधी पाहिली होती ती माझ्यासाठी. मी नको म्हणालो. नात्यात लग्न शास्त्राला मान्य नाही, मुलांत दोष उतरतात, असं मी दोन पानी पत्र लिहिलं. खरं म्हणजे मला गावात अडकायचं नव्हतं. मग आईने तीच मुलगी माझ्या धाकट्या भावासाठी, धोंडूसाठी, केली. तेव्हा मात्र मी शास्त्र काढलं नाही, लग्नात मिरवलो. त्यांचं पहिलं मूल एकसष्ट साली अकराव्या दिवशी गेलं. आई सांगत होती, लंगोटाला गुळाची काकवी करपल्यासारखा वास यायचा, आणि तिला तो शुभ वाटला होता. दोन वर्षांनी वाचनालयात एका परदेशी मासिकात मी त्याच वासाबद्दल वाचलं. अशा मुलांच्या अंगात ल्यूसिन जिरत नाही, साठत जातं, दुधातूनच साठतं, आणि मेंदूला चढतं. वाचून मला आनंद झाला. दुःख नंतर झालं, आधी आनंद झाला, की आपल्या घरातली गोष्ट आपल्या यंत्राच्या आवाक्यातली निघाली. मथुरेला पुन्हा दिवस गेल्याचं कळताच मी कळवलं की या खेपेला रक्त माझ्याकडे पाठवा, मी बघतो.

त्रेसष्टच्या नोव्हेंबरात दुसरा मुलगा झाला. सहाव्या दिवशी मालवणच्या डॉक्टरांनी रक्त काढलं, धोंडूने बर्फाच्या थर्मासातून ते बोटीने येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवलं. मी दोन दिवस झोपलो नाही. आकडा आला तो नेहमीपेक्षा जरासा चढा, काळजी करण्यासारखा नव्हता. मी तार केली, रक्त ठीक, अंगावरचं दूध चालू ठेवा. मागोमाग पत्र टाकलं. त्याआधी धोंडूचं पत्र आलं होतं की पाजल्यावर बाळ मान टाकतं असं मथुरा म्हणते, आणि आईने धामापूरच्या भगवतीचा कौल घेतला, पाजायचं का म्हणून, तर डावा, नको म्हणणारा, कौल पडला. त्याला मी उत्तर लिहिलं, भगवतीने शरीरशास्त्राची परीक्षा दिलेली नाही, मी दिलीय. हे वाक्य लिहिताना मी हसलो होतो. रक्त मागवलं तेव्हाच अशी सूचनाही केली होती की बाळाला केव्हा केव्हा पाजलं ते वेळेसकट वहीत लिहून ठेवा, मला उपयोगी पडेल. तेराव्या दिवशी बाळ गेलं. बारसं लांबवलं होतं, त्यामुळे त्याला नावही नव्हतं. वही मात्र आली. धोंडूचं टपोरं अक्षर. दिवसाकाठी आठ वेळा, शेवटच्या दिवशीसुद्धा सहा वेळा. सव्वा वर्षं ती वही मी कपाटात ठेवली होती, कारण तिच्यावरून दिसत होतं की पाजण्यात कसूर नव्हती, रक्तही ठीक होतं, म्हणजे दोष आणखी कुठला तरी असणार. आता तीच वही काढून मी बसायचो आणि मोजायचो. तार पोचल्यापासून तो जाईपर्यंत तीस वेळा. मी तीस वेळा त्याला पाजवलं.

न सांगता भागलं असतं. हे मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. छापील लेखात क्रम बरोबर येणार होता. साहेबांना संशय नव्हता, धोंडू माझी पत्रं पेटीत जपून ठेवत होता. माझ्याशिवाय जगात कुणालाही ठाऊक नव्हतं. पण मथुरेला मी सणाला दोन ओळी लिहायचो, आणि या खेपेला पोस्टकार्डावर 'सर्व कुशल' लिहून झाल्यावर माझा हात पुढे चालेना. रजा टाकली आणि बोटीत बसलो. डेकवर माणसं कुणकेश्वरच्या जत्रेला निघालेली, शिवरात्र होती, कुणी भजन म्हणत होतं, कुणी ओकत होतं. मी कठड्याला धरून वाक्यं जुळवत होतो. 'मथुरा, माझी चूक झाली' हे वाक्य मला फार लहान वाटत होतं आणि बाकीची फार लांब. तिने काय करावं अशी माझी अपेक्षा होती ते मला ठाऊक होतं. तिने ओरडावं, मला घराबाहेर काढावं. त्याच्यात माझी सोय होती. मालवणला बंदरात होडीतून उतरलो, गाडीने कट्टा गावात आलो. धोंडूचं शिवणकामाचं दुकान बंद होतं. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं, तो आवशीक घेवन कुणकेश्वराक गेलो, परवा येतलो. मला सुटका झाल्यासारखं वाटलं आणि लगेच कळलं की मथुरेच्या नि माझ्या मध्ये आता कुणीच नाही. धामापूरला घरापर्यंतचा रस्ता मी चालतच गेलो. तळं उन्हात पडलं होतं. माझ्या चपलांचा आवाज माझ्या मागून येतोय असं वाटून मी दोनदा वळून पाहिलं.

मथुरा ओटीवर काजूबियांची रास घालून किडकी बी निवडत बसली होती. पंचविशीची बाई, पण मान आईसारखी पुढे आली होती. मला बघून पदर सावरत उठली. "भावोजी? अवचित इलास? बसा, पाणी हाडतंय." पाणी प्यालो. घरातली खुशाली विचारली, आंब्याला मोहोर किती ते विचारलं. तू जत्रेला का गेली नाहीस असं विचारलं तेव्हा ती पुन्हा राशीपाशी बसत म्हणाली, "आता मी खंयच्याच देवाक जाणंय नाय." बी बीवर पडल्याचा आवाज. मी बोटीतली सगळी वाक्यं विसरलो होतो. "मथुरा, माका तुका एक सांगूचा आसा," एवढं कसंबसं म्हणालो.

"माकाय तुमका सांगूचा आसा," ती म्हणाली. "आदी माझा ऐका. नाय तर माझो धीर जातलो. तुमी इलास तेवाच माका वाटला, ह्ये त्या वहीचाच इचारूक इले."

"खंयची वही?"

"पाजल्याची. ती खोटी आसा." ती माझ्याकडे पाहात नव्हती. बोटं बिया उचलत होती, न निवडताच एका बाजूला टाकत होती. "तुमची तार इली त्या सांजेपासना मी तेका पाजूकच नाय. चार दिस. बोंडल्यान साकरेचा पाणी घातलंय. वेळ मी आपल्या मनान सांगत होतंय, ह्ये लिवत होते. देवीच्या कौलामुळे नाय, भावोजी. पाजल्यार तो मान टाकीत होतो, ता मी माझ्या डोळ्यांनी बघलंय. माका वाटला, दूधच तेका बाधता. तुमी लिवलास, रक्त बरा आसा, पाज. मी ऐकूक नाय. दूध अंगावरना व्हावत होता, चोळी भिजत होती, नि तो थय रडत होतो. भुकेन गेलो तो. मीच मारलंय तेका."

त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहून टाकतो, कारण न लिहिण्याने ते कमी होणार नाही. मला हलकं वाटलं. तीस वेळा नव्हे. एकदाही नव्हे. माझ्या तारेवरून त्याला कुणी पाजलंच नव्हतं. छातीवरचा धोंडा कुणी उचलून घ्यावा तसा श्वास आत आला, आणि तो आत येत असतानाच मला दिसलं की धोंडा कुठे गेलेला नाही, सव्वा वर्षं तो इथे, या ओटीवर, या बाईच्या मानेवर आहे. माझ्या आकड्यामुळे. तिचे डोळे बरोबर बघत होते आणि मी सही करून तिला खोटी पाडली होती. मी खाली, तिच्यासमोर, राशीच्या दुसऱ्या बाजूला बसलो.

"मथुरा, ऐक. रक्त बरा नव्हता. माझो आकडो चुकलो." ती निवडत राहिली. मी मूठभर बिया उचलल्या. "ही रास समज. किती बियो आसत ता माका ठावक नाय. मी शंभर बियांक चुनो लावन हेच्यात मिसळलंय. मगे उंदीर इले, पोरां इली, खावन नेवन मूठभर रवली. गेली ती दोनय सारखीच गेली. म्हणान उरल्या मुठीत चुन्याची किती ता बघून आदी रास केवढी होती ता गावता. पण मी चुन्याची बी उंदीर खावन गेल्यार घातलंय. उरली तितकीच मोजलंय, नि तुमका कळवलंय, रास इतकीच होती. खरी रास मोठी होती. पाचपट, धापट. दूधच तेका बाधत होता. तू केलंस ताच करूक होया होता."

"समाजला," ती म्हणाली. तिला खरंच समजलं होतं, साहेबांच्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर समजलं होतं. तिने एक बी उचलून बाजूला ठेवली आणि विचारलं, "मगे तो जगलो कित्याक नाय?"

"उशीर झालो होतो. आदीच पुष्कळ चढला होता. आकडो बरोबर इलो असतो तर..." पुढे मला ठाऊक नव्हतं. बरोबर आला असता तरी आपल्याकडे त्याला द्यायला काय होतं? साखरेचं पाणीच होतं. मी वाक्य तसंच सोडलं, आणि सोडलेलं तिने ऐकलं.

"ह्या तुमका कदी कळला?"

"पंदरा दिस झाले. ताच सांगूक इलंय."

"आनी मी सांगल्यार सांगलास."

"तू म्हणालंस, आदी माझा ऐका."

"होय, मीच म्हटलंय." तिने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता. मला हवा होता तो रागाचा कणसुद्धा नव्हता. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल माया दाटून आली होती. एखाद्या पोराने आपल्यासाठी काही चोरून आणावं आणि आपण त्याला बोलू नये, तसा तिचा चेहरा झाला. "भावोजी, ल्हानपणापासना बघतंय तुमका. तुमका खोटा बोलूक कदी जमूक नाय. आज माझ्यासाठी बोललास. किती इचार करून बोललास, चुन्याबिन्याचा."

"मथुरा, खोटा नाय. यंत्र, वही, सगळा दाखवतंय तुका. मुंबयक चल."

"होय, होय." ती मला शांत करत होती. "तुमच्यासारक्या माणसाची अशी चूक जातली? दोन वरसां? कोणाक खरा वाटतला?" तिने डोळे पुसले आणि सूप राशीवर उपडं घातलं. "बरा वाटला माका. खोटा तर खोटा. इतक्या दिसांत कोणीतरी म्हटला, तू केलंस ता बरोबर. जेवन जावा. बांगडे आसत, ताजे."

मी आणखी पुष्कळ बोललो असेन. राळेच्या नळीचं बोललो, सात आणि नऊ भागांचं बोललो, आवाज चढवला. ती ऐकत होती, मान हलवत होती, मधे एकदा तिने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. जितका मी तपशील देत गेलो तितका तिला मी अधिक चांगला माणूस वाटत गेलो. शेवटी मी थांबलो. आतून तिने चुलीत माडाची वाळकी चुडतं सारल्याचा आवाज आला, आणि मग ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"एक करा," ती हळूच म्हणाली. "ह्या ह्यांका सांगा नकात. ते भोळे आसत. ते तुमची चूक खरी मानतले."

मी होय म्हणालो आणि हात धुवायला विहिरीवर गेलो.